माक्रिनाने गोळा केलेल्या पॉलिस्या

सान सेल्सो गावात माक्रिना येस्कासचा पाव न खाता मोठा झालेला माणूस सापडणार नाही, आणि तिची बोलणी न खाता मोठा झालेला तर नाहीच नाही. वय एकसष्ट, उंची जेमतेम भट्टीच्या तोंडाएवढी, पण आवाज असा की खालच्या आळीत भट्टीपाशी उभी राहून ती वरच्या आळीतल्या कुत्र्याला हाकलायची. पहाटे पीठ मळायचं, उजाडता पाव काढायचे आणि डोक्यावर टोपली घेऊन दारोदार जायचं, असं तिचं तीस वर्षं चाललं होतं. कोणाच्या घरी काय शिजतं, कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणाला रात्रभर खोकला होता, हे तिला त्या घरातल्यांच्या आधी ठाऊक असायचं.

तिचा नवरा तोरिबियो अडतिसाव्या वर्षी गेला. पोटात आतडं अडकलं होतं. गावातल्या माणसांनी त्याला खुर्चीला बांधून डोंगर उतरवला, मालट्रकमध्ये घालून शहरात नेला, आणि तिथे दवाखान्याच्या दारात विचारलं की विमा आहे का. विमा तेव्हा फक्त पगारदारांना असायचा. पैसे जमवेपर्यंत तोरिबियो बाकावरच संपला. त्यामुळे पुढे सरकारने गरिबांसाठी विमा काढला, तेव्हा नाव नोंदवायला रांगेत पहिली माक्रिना होती. पॉलिसीचा कागद तिने पत्र्याच्या डब्यात, लग्नाच्या दाखल्याच्या वर ठेवला.

सान सेल्सोत पाणी सोडणं, देवळाची घंटा वाजवणं, कोठडीची किल्ली सांभाळणं, सगळं गावकीच्या पाळीने चालतं. ग्रामसभेने नाव घेतलं की वर्षभर फुकट राबायचं. नाही म्हणायची सोय नाही. काम चोख केलं तर मान, अर्धवट सोडलं तर माणूस मेल्यावरसुद्धा लोक त्याच्या मातीला येऊन तेच बोलतात. त्या वर्षी दवाखाना समितीची पाळी माक्रिनाकडे आली, आणि त्याच वर्षी राजधानीतल्या लोकांना देशाची आरोग्यव्यवस्था सुधारायची हुक्की आली.

जुना विमा बंद, असं रेडिओवर सांगितलं. आता सगळ्यांना सगळं फुकट. नोंदणी नको, कागद नको, नुसतं ओळखपत्र घेऊन या. ऐकणाऱ्याला वाटावं, सोमवारपासून या देशात माणसं मरायचीच थांबणार. आठवड्याभराने रोब्लेदो साहेब आले. पांढरं जाकीट, त्याच्या पाठीवर योजनेचं बोधचिन्ह, आणि पायात असे बूट की आमच्या गावचा चिखलही त्यांना लागायला लाजावा. त्यांनी सभेत सांगितलं की जुनी पॉलिसी जवळ ठेवणाऱ्याचं नाव दोन ठिकाणी दिसेल आणि मग त्याला नव्या योजनेतून काहीच मिळणार नाही. म्हणून सगळ्या पॉलिस्या गोळा करून द्यायच्या.

"शंभर टक्के झालं पाहिजे, सेन्योरा माक्रिना," जाताना ते म्हणाले. "वरून विचारतात."

आता दुसऱ्या कुठल्याही खोऱ्यातल्या समितीने काय केलं असतं? वीस-पंचवीस कागद गोळा केले असते, बाकीचे हरवले म्हणून लिहून दिलं असतं आणि जाऊन झोपले असते. पण आमच्या लोकांना गावकीचं काम म्हटलं की वेडच लागतं. माक्रिनाने पहिला कागद स्वतःच्या डब्यातला काढला. मग अकरा दिवस ती वरती पाव आणि खाली फडक्यात पॉलिस्या अशी टोपली घेऊन तीनशे तेरा घरं फिरली. शेतावर गेलेल्यांना शेतावर गाठलं. एका म्हातारीचा कागद सापडेना, तर तिच्यासोबत बसून सगळी ट्रंक उपसली.

फक्त गाउदेन्सियो वाकला नाही. हा माणूस दोनदा गावकीची पाळी आली म्हणून उत्तरेकडे पळून गेलेला. गाव त्याला तोंडावर तिओ, म्हणजे काका, म्हणायचं, कारण वय झालं होतं, आणि पाठीमागे जे म्हणायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. दाराशी बसून तो मका सोलत होता.

"तिओ, पॉलिसी द्या."

"उंदरांनी खाल्ली."

"तिओ, गावकीचं काम आहे हे."

"मग उंदरांना सांग. लिही तिथे, उंदरांनी खाल्ली. आणि दोन पाव ठेव."

माक्रिनाने दोन पाव ठेवले, वहीत 'उंदीर' असं लिहिलं आणि त्याच्या नावाने बोटं मोडत निघून गेली.

देल्फिनाचं घर तिने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. दोघी एका आळीतल्या, लहानपणी एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या. पण देल्फिनाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी माक्रिनाने हातावर धरलं, त्या दिवसापासून त्या एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. ते नातं असतंच तसं. देल्फिनाला वर्षापूर्वी छातीत गाठ निघाली होती. शहरात शस्त्रक्रिया झाली, आणि आता दर एकवीस दिवसांनी एक सलाईन, अशी अठरा घ्यायची होती. अकरा झाली होती. सगळी विम्यावर. तेवढ्या औषधासाठी अख्खी आळी विकायला काढली असती तरी पुरली नसती.

"पण कोमाद्रे," देल्फिना म्हणाली, "दवाखान्यात तर दर वेळी हाच कागद मागतात."

"आता नाही मागणार. साहेबांनी सभेत सांगितलं, तुम्हीही होतात."

"एवढी सात होऊ द्या. मग देते."

"म्हणजे मी काय लिहू? तीनशे अकरा? लोक म्हणतील, माक्रिनाने गावाचे घेतले आणि कोमाद्रेचा सोडला."

देल्फिनाने कागद पुढे केला, पण बोटं सोडेनात. माक्रिनाने तो हलकेच ओढून घेतला. अगदी हलकेच, पण ओढला. मग तीनशे बारा पॉलिस्या दोन खोक्यांत भरून, सुतळीने बांधून तिने साहेबांच्या हवाली केल्या आणि तेवढ्यांची पोच घेतली.

पुढच्या सलाईनला दोघी बरोबरच गेल्या. काचेच्या खिडकीपलीकडच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "जुनी पॉलिसी?"

"जमा केली," माक्रिना म्हणाली.

"कोणाकडे?"

"सरकारकडे."

"सरकार म्हणजे कोण?"

आता याला काय उत्तर द्यायचं? माक्रिनाने जाकिटाचं वर्णन केलं, बुटांचं केलं. मुलगी म्हणाली, "हे बघा, ज्यांचे उपचार विमा बंद होण्याआधी सुरू झालेत त्यांचे पूर्ण होणार. पण मूळ पॉलिसी दाखवून. नाहीतर नवी योजना, आणि नव्या योजनेत हे औषध अजून आलेलं नाही."

"कधी येणार?"

"पुढचे कोण आहेत?"

पुढचा होता गाउदेन्सियो. त्याच्या आतड्याच्या कॅन्सरची औषधं याच दवाखान्यात चालू होती. त्याने टोपी काढली, तिच्या अस्तरातून चार घड्या केलेली पॉलिसी काढली आणि खिडकीत सरकवली. मुलीने शिक्का मारला. गाउदेन्सियो माक्रिनासमोरून जाताना म्हणाला, "उंदरांनी परत आणून दिली." आणि मग देल्फिनाचा चेहरा बघून त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि घाईघाईने आत गेला.

जन्मभर गावाला हुलकावण्या दिलेला माणूस आत जाऊन औषध घेत होता, आणि जिने गावाचं ऐकलं ती बाहेर बाकावर बसली होती. माक्रिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आग काढायची कोणावर? परतीला चार तास लागले. आपल्या दाराशी पोचल्यावर देल्फिना वळली आणि म्हणाली, "तू माझ्या हातातून ओढून घेतलास." बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तिने माक्रिनाला 'तू' म्हटलं. मग दार लावून घेतलं.

यानंतर माक्रिना साहेबांच्या कचेरीत तीनदा गेली. पहिल्यांदा साहेब म्हणाले, दवाखान्याचं बघणं आमच्याकडे येत नाही, अर्ज द्या. तिने अर्ज दिला. दुसऱ्यांदा म्हणाले, खोकी वर गेली.

"वर म्हणजे कुठे? स्वर्गात?"

"सेन्योरा, तुम्ही जरा शांत व्हा. पाणी घेणार?"

तिसऱ्यांदा साहेब दौऱ्यावर होते. त्यांचे ते बूट मात्र टेबलाखालून दिसत होते, त्यांत पाय होते, आणि शिपाई शपथेवर सांगत होता की साहेब दौऱ्यावर आहेत. एव्हाना देल्फिनाची तीन सलाईनं हुकली होती. ती अजून चालत होती, मक्याच्या तोर्तिया थापत होती, पण माक्रिनाची टोपली दिसली की खिडकी बंद करायची. पाव घेणं तिने सोडून दिलं होतं.

आणि मग निरोप आला. साहेब स्वतः येताहेत. अख्ख्या विभागात सान सेल्सोचं काम सर्वोत्तम, जवळजवळ शंभर टक्के, म्हणून समितीप्रमुखांना प्रशस्तिपत्र आणि फोटो. गावप्रमुख तिओ आबुन्दियोने माक्रिनाला विचारलं, "काय कळवू?"

"येऊ द्या," माक्रिना म्हणाली.

आले. चौकात फलक लागला, बँड वाजला, सगळं गाव जमलं. साहेबांनी भाषण केलं. जुन्या विम्याने जनतेला कसं लुटलं, नव्या व्यवस्थेत कोणीही मागे राहणार नाही, वगैरे. देल्फिना देवळाच्या पायरीवर शाल गुंडाळून बसली होती. साहेबांनी प्रशस्तिपत्र पुढे केलं आणि फोटोसाठी हसले.

माक्रिनाने ते घेतलं नाही. "आमचे कागद कुठे आहेत, साहेब?"

"सेन्योरा, आजचा दिवस आनंदाचा आहे, तो विषय आपण नंतर—"

"तीनशे बारा. मी मोजून दिले, तुमची सही आहे. कुठे आहेत?"

"ते आता लागतच नाहीत. आता कागदाची गरजच नाही, हेच तर मी—"

"तिला लागतात!" आवाज असा निघाला की बँडवाल्यांनी वाद्यं खाली ठेवली. तिने देल्फिनाकडे बोट केलं. "तिला, वरच्या आळीतल्या सोफ्रोनियोला, आणि ज्याला उद्या काही होईल त्याला! तुम्ही माझ्या हातून माझ्या गावाला लुबाडलंत. मी, माक्रिना येस्कास, दारोदार गेले तुमची चोरी करायला, आणि वर लोकांना पाव विकले! आणि तुम्ही मला त्याचं बक्षीस देताय?"

मग ती आबुन्दियोकडे वळली. बोलताना तिचा आवाज आता अगदी सभेतल्यासारखा होता. "गावप्रमुख, माझ्या पाळीच्या कामात चूक झाली आहे. ती दुरुस्त होईपर्यंत या साहेबांना गावाने ठेवून घ्यावं, अशी माझी मागणी आहे."

आबुन्दियोने सभेकडे पाहिलं. हात वर झाले. पहिला हात गाउदेन्सियोचा होता, ज्याला पाळ्या चुकवल्यामुळे सभेत मतच नव्हतं, पण त्या दिवशी कोणी त्याला तो खाली करायला सांगितलं नाही.

आता शहरातल्या लोकांना हे ऐकून धक्का बसतो. गावंढळपणा म्हणतात, कायदा हातात घेणं म्हणतात. आमच्याकडे विजेचा इंजिनियर एकदा दोन दिवस ठेवला होता, तिसऱ्या दिवशी गावात दिवे लागले. त्याआधी सात वर्षं अर्ज देत होतो. काय ते तुम्हीच ठरवा.

कोठडी म्हणजे चावडीच्या कडेची मातीची खोली, एरवी जत्रेतले दारूडे झोपवायला. साहेबांना बाक दिला, घोंगडी दिली. दोन वेळा घेवडा, तोर्तिया, अंडी, कॉफी आणि माक्रिनाचा पाव. आबुन्दियोच्या बायकोने विचारलं, एवढं कशाला? तेव्हा माक्रिना म्हणाली, "दारात आलेल्याला तसाच ठेवायला आपण काय दवाखाना आहोत?"

फोन लावायला साहेबांना देवळाच्या गच्चीवर न्यायला लागायचं, कारण गावात मोबाइलला फक्त तिथेच आवाज येतो. तोही ओरडल्याशिवाय पलीकडे पोचत नाही. त्यामुळे साहेबांचं वरच्यांशी झालेलं सगळं बोलणं गावाने चौकात बसून ऐकलं.

"दोन खोकी! सुतळी बांधलेली! ... गोदामात असतील ना? ... आहेत? ... उघडली नाहीत? ... अहो, मग आकडा कसा दिलात वर? ... मी सांगितला तोच? ... मग पाठवा ना लगेच! ... नाही, बैठकीत नाही, मी कोठडीत आहे, कोठडीत!"

चौकात कोणाला काही विचारायचं उरलं नव्हतं. ते कागद कोणालाच नको होते. कोणी बघितलेही नव्हते. साहेबांना वर सांगायला एक आकडा हवा होता, आणि त्या आकड्यासाठी देल्फिनाच्या हातातला कागद गेला होता.

दुसऱ्या दिवशी देल्फिना कोठडीच्या खिडकीशी आली. साहेब उठून उभे राहिले. दाढी वाढली होती, आवाज उतरला होता. "सेन्योरा, देवाशपथ मला माहीत नव्हतं. मला वरून जे सांगितलं तेच मी केलं."

देल्फिनाने शेजारी उभ्या असलेल्या माक्रिनाकडे बोट केलं. "हीसुद्धा हेच म्हणते."

साहेबांवर, कचेरीवर, राजधानीवर माक्रिना तीन महिने आग पाखडत होती, आणि त्या आगीत स्वतःला मात्र तिने सांभाळून बाजूला ठेवलं होतं. कागद हलकेच ओढणारी बोटं तिची होती. ती भट्टीपाशी जाऊन बसली आणि त्या दिवशी पाव जळाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक गाडी आली. मागे दोन खोकी. सुतळी तशीच, गाठही माक्रिनाचीच. तिने ती दातांनी तोडली. सभेसमोर कागद मोजले, तीनशे बारा भरले, आबुन्दियोने कोठडीचं कुलूप काढलं, आणि साहेब कोणाकडे न बघता गाडीत जाऊन बसले. देल्फिनाचा कागद माक्रिनाने स्वतः दिला नाही. सोफ्रोनियोच्या हाती पाठवला. मागोमाग देल्फिनाचा निरोप आला की उद्याच्या गाडीला सोबत ये, मला एकटीला चढायला जमत नाही.

खिडकीतल्या मुलीला शिक्का मारायला जेमतेम अर्धं मिनिट लागलं. तीन सलाईनं या अर्ध्या मिनिटापायी गेली होती. आत डॉक्टरीणबाई तरुण होत्या, खोटं बोलायला अजून शिकल्या नव्हत्या. म्हणाल्या, मध्ये खंड पडला, आता मोठ्या डोसने पुन्हा सुरुवात करावी लागेल. एवढ्या दिवसांत आत काय झालंय ते तपासणीत दिसेल.

"आणि दिसलं तर?" माक्रिनाने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी सलाईनची नळी नीट केली. देल्फिना खुर्चीत डोळे मिटून पडली होती. तिने डोळे न उघडता सांगितलं, "बाहेर जाऊन बस. इथे डोकं खाऊ नकोस." 'तू'च म्हणाली. माक्रिना बाहेर येऊन बसली.

बाकावर डोक्याला रुमाल बांधलेल्या पाच-सहा बायका होत्या. वेगवेगळ्या खोऱ्यांतल्या, शालींच्या काठांवरून कळत होतं. सगळ्या खिडकीतून परत फिरलेल्या, पण परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून बसलेल्या. त्यांतल्या एकीने, गालफडं बसलेल्या एका उंच बाईने, माक्रिनाला विचारलं, "तुमच्या बाईंना आत घेतलं. पॉलिसी जमा केली नव्हती का?"

"केली होती. परत आणली."

"परत कशी मिळाली? आम्ही दोनदा अर्ज दिला."

माक्रिनाने सांगितलं. काहीही न लपवता, पहिल्या दिवसापासून. कोणाच्या हातातून कागद ओढला तेही सांगितलं. बायका ऐकत होत्या. एकीने रुमाल सोडून पुन्हा बांधला. त्या उंच बाईने एकदा खिडकीतल्या मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या कोठडीत किती माणसं मावतात?"

"चार," माक्रिना म्हणाली. "दाटीवाटीने बसवली तर सहा."

"आमच्याकडचे साहेब तिघंच आहेत," ती बाई म्हणाली. "घेऊन येऊ?"